एकाच दाखल्यावर अनेक दारें

आपल्या वाशीम जिल्ह्यांतील कितीतरी मुलें आज पुण्यामुंबईस संगणकाच्या आज्ञावल्या लिहून संसार चालवितात. त्यांच्या बोलण्यांत ‘गिटहब’ हा शब्द वारंवार येतो. आणि नोकरी सुटली कीं त्याच घटकेस तेथलें दार बंद झालें, हेंही ऐकूं येतें. पुण्यास सुटलेल्या नोकरीची बातमी अमेरिकेंतील कोठारास इतक्या लवकर कशी कळते, हें आज सांगावयाचें आहे.

गिटहब हें आज्ञावल्यांचें कोठार. तें 2008 सालीं सुरू झालें व 2018 सालीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विकत घेतलें. दहा माणसें दहा गांवीं बसून एकाच आज्ञावलीवर काम करतात. कोणी कोणती ओळ केव्हां बदलली याची नोंद राहते. कंपनीची खरी मिळकत तीच, म्हणून आंत कोण जातो हा तिच्या जिवाचा प्रश्न. 2016 सालीं उबर या मोटारी भाड्यानें पुरविणाऱ्या कंपनीच्या खाजगी कोठारांत परके शिरले. तेथें त्यांस दुसऱ्या एका साठ्याची किल्ली आज्ञावलींतच लिहून ठेवलेली सांपडली, आणि सुमारें 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती त्यांच्या हातीं गेली. कंपनीनें ही गोष्ट वर्षभर दडवून ठेविली, हें मला चोरीइतकेंच वाईट वाटतें.

पूर्वीं प्रत्येक दाराचा पासवर्ड निराळा असे. कंपनी वीस ठिकाणच्या सोयी वापरीत असेल, तर सोडून गेलेल्या माणसाचें नांव वीस ठिकाणीं खोडावें लागे, आणि एकोणीस ठिकाणीं खोडून विसावें राहून जाई. यावर उपाय म्हणून ओळखीचें काम एकाच कचेरीकडे सोंपविण्याची रीत पडली. ऑक्टा ही 2009 सालीं निघालेली कंपनी हाच धंदा करते. मायक्रोसॉफ्टची अशी सोय आहे, तिचें नांव 2023 सालापासून एंट्रा आय-डी.

आतां कोठार आणि ही कचेरी यांचें बोलणें कसें चालतें तें पाहूं. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मुलगा दुसऱ्या शाळेंत जातो. तेथले हेडमास्तर त्याची पुन्हां चौकशी करीत नाहींत. आधींच्या शाळेची सही आणि शिक्का पाहून नांव दाखल करतात. येथेंही तसेंच. मुलगा गिटहबच्या दाराशीं जातो. गिटहब त्यास कचेरीकडे पाठवितें. कचेरी पासवर्ड तपासते, बहुधा हातांतील मोबाईलवरूनही खात्री करून घेते आणि सही केलेला दाखला देते. तो घेऊन तो परत दाराशीं येतो. त्याचा पासवर्ड मात्र गिटहबास कधींच दिसत नाहीं. अशा दाखल्याच्या एका ठराविक नमुन्यास सॅमल म्हणतात. त्याची प्रचलित दुसरी आवृत्ति 2005 ची आहे. हा दाखला थोडाच वेळ चालतो, म्हणून दोन्हीकडचीं घड्याळें जुळलेलीं नसतील तर खरा माणूसही दाराबाहेर राहतो. सहीचें महत्त्व आपल्या गांवास नवें नाहीं. वत्सगुल्म, म्हणजे आपलें वाशीम, ही ज्यांची एक राजधानी, त्या वाकाटकांच्या ताम्रपटांच्या आरंभीं ‘दृष्टम्’, म्हणजे ‘पाहिलें’, असा शब्द कोरलेला आढळतो.

जोडणी करणाऱ्यास गिटहबमध्यें मुख्यतः तीन गोष्टी भराव्या लागतात: कचेरीचा पत्ता, दाखला देणाऱ्याचें नांव आणि सहीचा नमुना, ज्यास प्रमाणपत्र म्हणतात. मग चांचणी घ्यावयाची. चांचणीपूर्वीं सक्ति करूं नये. कारण सक्ति होतांच, ज्यांनीं कचेरीमार्फत ओळख पटविलेली नाहीं ते सभासद संस्थेंतून वगळले जातात. कचेरीच बंद पडली तर आंत शिरण्यासाठीं गिटहब कांहीं राखीव संकेतांक देतें. ते उतरवून निराळ्या सुरक्षित जागीं ठेवावेत. ज्या पेटीची किल्ली हरवण्याची भीति, त्याच पेटींत ठेवूं नयेत.

दाखल्यानें प्रवेश मिळाला, पण नांव कमी कोण करणार? त्यासाठीं स्किम नांवाची दुसरी रीत आहे. तिचे नियम 2015 सालीं ठरले. ही हजेरीपटाची गोष्ट आहे. कचेरीनें पटावरून नांव काढलें कीं तसा निरोप कोठारास आपोआप जातो आणि तेथलेंही नांव कमी होतें. नोकरी सुटतांच दार बंद होतें तें असें.

तरीहि एक खिडकी राहते. माणूस नेहमीं दारानेंच जातो असें नाहीं. त्याचीं यंत्रें ‘टोकन’ नांवाची किल्ली घेऊन परभारें आंत जातात. म्हणून सक्ति असलेल्या संस्थेंत सभासदाच्या टोकनासही निराळी संमति घ्यावी लागते. एप्रिल 2022 मध्यें हिरोकू व ट्रॅव्हिस-सीआय यांस दिलेलीं टोकनें चोरीस जाऊन अनेक संस्थांचीं खाजगी कोठारें उतरवून नेण्यांत आलीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत खुद्द ऑक्टाच्याच आज्ञावल्या तिच्या गिटहबवरील कोठारांतून नकलल्या गेल्या. पहारेकऱ्याचेंच घर फुटलें म्हणावयाचें!

मुलांनीं स्वतःपुरतें एक जाणून घ्यावें. गिटहबचें खातें दोन प्रकारचें असतें. एकांत खातें मुलाचें स्वतःचें असून तें कंपनीशीं फक्त जोडलेलें असतें. नोकरी सुटली तर जोड तुटतो, खातें राहतें. दुसऱ्या प्रकारांत, जो 2021 पासून आहे, खातेंच कंपनी निर्माण करते आणि तीच तें बंद करते. त्या खात्यांतून जगासाठीं खुलें असें कांहींही लिहितां येत नाहीं. आपलें खातें कोणत्या जातीचें, हें मुलानें पहिल्याच आठवड्यांत विचारून घ्यावें. स्वतःचें असल्यास त्यावर घरचा ई-मेल पत्ता नोंदविलेला आहे ना, तें नोकरी सोडण्याआधीं पाहावें. कारण तेथें केवळ कंपनीचाच पत्ता असेल, तर विसरलेला पासवर्ड बदलण्याचें पत्र बंद झालेल्या टपालपेटींत जाऊन पडेल.