इतिहास : पुढे चालू

एखाद्या प्रकाशकाकडे उद्या एक अवाढव्य हस्तलिखित आले आणि त्यावर लेखकाचे नाव नसले, तर प्रथेप्रमाणे तो ते एखाद्या जाणत्या परीक्षकाकडे अभिप्रायासाठी धाडील. हस्तलिखिताचे नाव समजा, ‘जगाचा इतिहास’. परीक्षक साहित्यात मुरलेला, कथानकाची गाठ कशी मारावी आणि कशी सोडवावी याचे शास्त्र कोळून प्यालेला. मात्र शालान्त परीक्षेनंतर इतिहास हा विषय त्याने पुन्हा हाती धरलेला नाही. समोरचे बाड खऱ्या घटनांचे आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ही एक प्रदीर्घ क्रमशः कादंबरी आहे, अशीच त्याची समजूत. त्याचा अभिप्राय काय येईल? आमच्या मते, ‘साभार परत’.

हा परीक्षक मराठी असल्याने क्रमशः प्रकरणांत तो कच्चा असण्याचे कारण नाही. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ साली ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमशः येऊ लागली, हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ ‘करमणूक’ पत्रातून तशीच आली, १९८८ साली ‘भारत एक खोज’ने दूरदर्शनच्या पडद्यावर तोच परिपाठ चालविला. ‘पुढील अंकी चालू’ या तीन शब्दांवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या आहेत. तेव्हा मालिका कशी असावी, हे आपल्या वाचकाला कोणी शिकवावयास नको.

सगळ्या जगाचा पसारा तपासण्यास ही जागा पुरणार नाही. म्हणून परीक्षकाच्या हाती आपण त्यातील एकच उपकथानक देऊ : साष्टी बेट आणि त्याचे नाके ठाणे. आणि त्याला बसावयास जागा देऊ बाळकुमची. ठाण्याच्या उत्तरेला, खाडीकाठी वसलेले हे जुने गाव. समोर कशेळी-काल्हेर, पलीकडे भिवंडी. उल्हास नदीचे पाणी याच परिसरात दुभंगून एका हाताने वसईकडे आणि दुसऱ्या हाताने ठाण्याकडे जाते. वसई आणि ठाणे ही या उपकथानकातील दोन मोठी नेपथ्यस्थळे; त्यांच्यामधील जलमार्गावरचे हे आसन म्हणजे नाट्यगृहातील पहिल्या रांगेचेच म्हणावयाचे.

परीक्षकाचा पहिला आक्षेप पात्रांच्या वर्तनावर असेल. गुजरातचा सुलतान बहादूरशाह हुमायूनच्या धास्तीने १५३४ च्या डिसेंबरात पोर्तुगीजांच्या जहाजावर जातो आणि तहनामा करून वसई, साष्टी, मुंबई हा सारा मुलूख त्यांच्या पदरात टाकतो. येथवर ठीक. पण पुढे १५३७ मध्ये, पोर्तुगीजांशी संबंध पुरते बिघडलेले असताना, हाच गृहस्थ दीवच्या समुद्रात पुन्हा त्यांच्याच जहाजावर भेटीला जातो आणि परतताना झटापटीत प्राणास मुकतो! एकदा जहाजावर राज्य गमावलेला माणूस दुसऱ्यांदा जहाजावर का चढेल, असे परीक्षक समासात लिहील आणि पुढे तांबड्या शाईचे प्रश्नचिन्ह काढील.

दुसरा आक्षेप कथाबीजाच्या क्षुल्लकपणावर. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांचा विवाह १६६१ साली ठरला आणि मुंबई आंदण म्हणून लिहून दिली गेली. पण ‘मुंबई’ म्हणजे नेमके काय, हे कोणी नीट पाहिले नाही. इंग्रज म्हणू लागले, साष्टी आणि ठाणेही त्यातच आले; पोर्तुगीज म्हणाले, मुंबईचे बेट तेवढे घ्या. १६६५ मध्ये इंग्रजांच्या हाती पडले ते बेटच, आणि १६६८ साली राजाने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. ठाण्याच्या खाडीतून जाणाऱ्या नावांवर मात्र पोर्तुगीज जकात घेतच राहिले आणि तंटा धुमसत राहिला. आपल्याकडे लग्नाच्या याद्या करताना वधूपक्षाचे मामा पळीपंचपात्रीसुद्धा मोजून घेतात. त्या जाणतेपणाचा दहावा हिस्सा लंडन-लिस्बनच्या मुत्सद्द्यांत असता, तर हा तंटा उभाच राहिला नसता. एवढ्या ढिसाळ पायावर एवढी मोठी इमारत वाचकाला पटेल काय?

तिसरा आक्षेप नावांचा आणि मृत्यूंचा. मार्च १७३७ मध्ये मराठे साष्टीत उतरतात, पोर्तुगीजांचा ठाण्याचा कोट बांधून पुरा होण्याच्या आतच तो घेतात आणि चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मे १७३९ मध्ये वसईही जिंकतात. कथानक ऐन रंगात आलेले. अशा वेळी लेखक काय करतो? १७४० च्या एप्रिलात नायक बाजीराव एकोणचाळिसाव्या वर्षी नर्मदाकाठी रावेरखेडीस तापाने जातो आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात चिमाजी आप्पाही जातात. रणांगणात नव्हे, अंथरुणात! आणि पुढे, जणू नावांचा दुष्काळ पडला म्हणून, ज्याच्या हातून राज्य जाते त्या शेवटच्या पेशव्याचे नावही बाजीरावच. मध्यंतरी माधवराव दोन. परीक्षेत पोरे गोंधळतात त्याचा दोष पोरांचा नाही. तो लेखकाचा आहे, असे आमचा परीक्षक ठणकावून सांगेल.

चौथा आक्षेप काटकसरीचा : निर्माता नेपथ्य बदलतच नाही. पोर्तुगीजांनी आरंभिलेला ठाण्याचा किल्ला मराठ्यांकडे येतो. २८ डिसेंबर १७७४ रोजी, पोर्तुगीज आरमार ठाणे परत घ्यावयास येत आहे या बातमीने घाईस आलेले इंग्रज तो घेतात. मग सुरत, पुरंदर आणि सालबाई अशा तीन तहांत, १७७५ पासून १७८२ पर्यंत, त्याच बेटाचा काथ्याकूट होतो आणि शेवटी साष्टी इंग्रजांकडेच राहते. मग त्याच किल्ल्याचा तुरुंग होतो. त्या तुरुंगात गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून त्रिंबकजी डेंगळे याला ठेवले जाते. कैद्याशी कोणी संधान बांधू नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. आणि सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटतो तो कसा? एका अंमलदाराचा मराठी मोतद्दार घोडा फिरविण्याच्या मिषाने खिडकीखालून गाणी म्हणत जाई आणि त्या गाण्यांतूनच पळून जाण्याचा बेत आत पोचे. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. तेवढ्यासाठीच तर त्यांना नेमले होते! ही हकीकत ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदविली आहे. तमाशातल्या वगात शोभेल असा हा प्रवेश गंभीर कादंबरीत कसा ठेवावा, असा पेच परीक्षकाला पडेल.

नेपथ्याची ही काटकसर केवळ ठाण्यापुरती नाही. १९१८ मध्ये जर्मनांनी ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदी स्वीकारली, तोच डबा १९४० मध्ये संग्रहालयातून ओढून आणून हिटलरने फ्रान्सकडून शरणागती लिहून घेतली. योगायोगांचे तर विचारूच नये. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत सकाळी बाँब चुकतो. मग मोटारचालक वाट चुकतो आणि मोटार नेमकी मारेकऱ्यासमोर येऊन थांबते. आणि ज्या महायुद्धाला त्यामुळे तोंड फुटते, त्याचा व्हर्सायचा तह होतो तो पाच वर्षांनी, पुन्हा २८ जूनलाच! नवशिक्या लेखकानेही असे लिहिताना संकोच केला असता.

येथवर थट्टा झाली. पण बाड चाळता चाळता परीक्षक त्याच किल्ल्याच्या आणखी एका प्रकरणाशी येईल. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या जातात. खटल्यानंतर १९ एप्रिल १९१० रोजी विशीही न गाठलेला अनंत कान्हेरे आणि त्याच्यासह कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले जाते. नाटकाच्या प्रेक्षागारात घडलेले हे खरे नाट्य वाचताना परीक्षकाच्या हातातील तांबडी पेन्सिल क्षणभर थांबेल. कारण येथे गळफास रंगमंचावरचा नव्हता, आणि पडदा पडल्यावर ती मुले उठून घरी गेली नाहीत.

आता मुद्द्यावर यावयाचे. परीक्षकाचे सर्व आक्षेप रास्त आहेत. कादंबरीला संभाव्यतेचे बंधन असते. घडलेल्या गोष्टीला ते नसते. जे वेडेवाकडे, अर्धवट, विसंगत आणि ओशाळवाणे आहे, ते कोणी मुद्दाम रचीत नाही. म्हणून इतिहास वाचताना जे चटकन पटत नाही ते टाकून देण्याची घाई करू नये, आणि जे फारच पटते ते मात्र एकदा तपासून घ्यावे. आमच्या परीक्षकाने जागोजागी केलेली तांबडी खूण ही पुष्कळदा खरेपणाची खूण असते.

अडचण अशी की परीक्षकाच्या सूचना शिरोधार्य मानणारे लोक आज उदंड झाले आहेत. मालिकावाले, चित्रपटवाले आणि मोबाइलवर दोन मिनिटांत इतिहास सांगणारे, सगळेच हे हस्तलिखित दुरुस्त करावयास बसले आहेत. तापाने गेलेल्या नायकाच्या ओठी मरणसमयी पल्लेदार संवाद येतो. गोंधळलेल्या मुत्सद्द्याचा कपटी खलनायक होतो. योगायोगाच्या जागी कारस्थान येते, कारण योगायोगावर टाळी मिळत नाही. रंजन म्हणून यात वावगे काही नाही. हरिभाऊंनीही कल्पनेचे रंग भरले, पण ते कादंबरी म्हणून भरले. वावगे होते ते पुढे, जेव्हा हा दुरुस्त केलेला मजकूर मूळ म्हणून उत्तरपत्रिकेत उतरतो आणि त्याच्या आधाराने शेजाऱ्याचा हिशेब चुकता करण्याची भाषा सुरू होते. मालिकेला खलनायक लागतो. आणि इतिहासाची मालिका झाली की तो कोणाच्या तरी आजच्या घरात शोधला जातो. थट्टेचा विषय येथे संपतो.

मालिकेने होणारी दुसरी हानी अधिक सूक्ष्म आहे. मालिका पाहणाऱ्याला शेवट ठाऊक असतो, जगणाऱ्याला नसतो. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला त्यात पानिपतच्या मोहिमेच्या काळातील पत्रे आहेत. ती लिहिणाऱ्यांना १४ जानेवारी १७६१ ही तारीख ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होती ती त्या दिवसाची चिंता. निकाल हाती धरून त्यांना शहाणे किंवा मूर्ख ठरविणे फार सोपे आहे. पण २४ मार्च २०२० च्या रात्री एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा ऐकून, एकवीस दिवसांचेच वाणसामान भरणारे आपणच होतो ना? त्या वेळी पुढील अंकात काय आहे, हे आपल्यापैकी कोणाला माहीत होते? तेवढी जाणीव जरी उरली, तरी पूर्वजांविषयी बोलताना आपला आवाज एक पट्टी खाली येईल.

आणि एक उणीव परीक्षकाच्याही ध्यानात येणार नाही. आपण त्याला बाळकुमला बसविले, पण सबंध उपकथानकात बाळकुमला एकही वाक्य नाही. खाडीतून पोर्तुगीजांच्या नावा गेल्या, मराठ्यांच्या होड्या गेल्या, इंग्रजांचे सैन्य आले, १६ एप्रिल १८५३ रोजी चारशे पाहुण्यांना घेऊन आगगाडीही ठाण्यापर्यंत आली. काठावरच्या आगरी-कोळ्यांनी हे सारे पाहिले असेल. जकात कोणाला द्यायची हे दर पिढीला बदलत गेले. मासळी मात्र धरावीच लागली. त्यांचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. आज त्या गावठाणाभोवती उंच इमारती उठल्या आहेत आणि नाक्यावर मेट्रोचे खांब उभे राहिले आहेत. नव्या रहिवाशांपैकी कित्येकांना बाळकुम हे केवळ एका थांब्याचे नाव वाटते.

येथे आपणा वाचकांना काम आहे. इतिहासाचा खरा लेखनिक हा कधीच कादंबरीकार नव्हता. तो जमाखर्च, जकातीची नोंद आणि रोजचे पत्र लिहिणारा कारकून होता. त्याने संवाद रचले नाहीत, आकडे लिहिले, म्हणूनच आपण आज त्याच्यावर भरवसा ठेवतो. कचेरीत बसणाऱ्याने जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी. शिक्षकाने तह शिकविताना वर्गाला एक जादा प्रश्न घालावा : या साऱ्या धामधुमीत आपल्या गावातली माणसे काय करीत होती? आणि विद्यार्थ्याने तो प्रश्न घेऊन गावठाणातल्या एखाद्या म्हातारीकडे जावे. ती सांगेल त्यात तारखा चुकतील, नावांची अदलाबदल होईल आणि कथानकाला धड शेवटही नसेल. ते तसेच, शब्दाला शब्द, लिहून घ्यावे. दुरुस्त करू नये.