चंद्रावर जाऊन आलेला कागद
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या आजीच्या गोधडीत पाचशे रुपयांची एक जुनी नोट सापडली, तेव्हा २०१६ ची नोटाबंदी होऊन बराच काळ लोटला होता. बँकेत ती कोणी घेईना. अर्थशास्त्राच्या तासाला ही हकीकत सांगितली, तेव्हा सर म्हणाले, "अरे, नोट म्हणजे वचन. देणाऱ्याने ते मागे घेतले, की उरतो कागद." हे डोक्यात घोळत असतानाच ग्रंथालयात मला एका अजब छंदाविषयी वाचायला मिळाले.

हा छंद म्हणजे अंतराळात जाऊन आलेल्या वस्तू जमवणे. टपालाची पाकिटे, पदके, छोटे ध्वज, नाणी, चलनी नोटासुद्धा! अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांना आवडीच्या काही वस्तू छोट्या पिशवीतून नेण्याची मुभा असे, मात्र त्यांची यादी आधी मंजूर करून घ्यावी लागे. दोन डॉलरच्या काही नोटा अशाच चंद्राकडे गेल्या. त्यापूर्वी १९६१ साली गस ग्रिसम यांनी नाणी नेली होती. परतल्यावर समुद्रात यानाचे दार अवचित उघडले, यान अटलांटिकच्या तळाशी गेले आणि ग्रिसम बुडता बुडता वाचले. १९९९ मध्ये यान वर काढले, तेव्हा त्यात नाणी मिळाली.

आता वाचक विचारतील, चंद्राकडे जाऊन आलेली नोट ओळखायची कशी? नुसत्या डोळ्यांनी ती ओळखता येत नाही. म्हणून संग्राहक अंतराळवीराची सही पाहतात, त्याने लिहून दिलेले पत्र पाहतात, वस्तू कोणाकोणाच्या हातून आली ते तपासतात. नोटेची एक सोय अशी, की तिच्यावर क्रमांक असतो. तो पत्रात नोंदवला, की नोटेची अदलाबदल करता येत नाही. क्वचित वस्तूच साक्ष देते. अपोलो ११ ची एक पिशवी २०१५ मध्ये सरकारी लिलावात ९९५ डॉलरला गेली. तिच्यात चंद्राची धूळ असल्याचे तपासणीत सिद्ध झाले आणि २०१७ मध्ये तिला १८ लाख डॉलर मिळाले!

परंतु या छंदातले जे प्रकरण मला विसरता येत नाही, ते अपोलो १५ चे. १९७१ साली स्कॉट, वर्डेन आणि अर्विन यांनी मंजूर यादीत नसलेली ३९८ टपाल पाकिटे चंद्रावर नेऊन आणली. त्यांतली १०० एका जर्मन व्यापाऱ्यासाठी होती. मोबदला ठरला प्रत्येकी सुमारे ७,००० डॉलर. व्यापाऱ्याने विक्री लगेच सुरू केली, बोभाटा झाला, तिघांनी पैसे परत केले. तरीही १९७२ मध्ये नासाने त्यांना ठपका दिला. त्यांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेले नाही. उरलेली पाकिटे सरकारने ताब्यात घेतली होती. वर्डेन यांनी दावा लावल्यावर १९८३ मध्ये ती परत मिळाली.

वसतिगृहात मी हे सांगितले तेव्हा मित्र म्हणाले, "लोभी माणसं!" मला तसे म्हणवत नाही. ते पैसे मुलांच्या शिक्षणासाठी ठेवायचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या प्रवेशाच्या वेळी वडिलांनी दावणीची गाय विकली, हे मला माहीत आहे. अर्थात गाय आमची होती आणि यान सरकारचे होते, हा फरकही मला कळतो. चूक ती चूकच. पण चंद्रावर उतरलेल्या माणसालाही मुलांच्या शिक्षणाची चिंता असते, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलेच नव्हते.

आणखी एक प्रकारची पाकिटे संग्राहक जपतात, आणि ती अंतराळात गेलेलीच नाहीत. अपोलो ११ च्या तिघांनी उड्डाणापूर्वी शेकडो पाकिटांवर सह्या करून ती घरच्यांसाठी मागे ठेवली. पुरेसा आयुर्विमा परवडणारा नव्हता. आपण परतलो नाही, तर ती विकून बायकामुलांचे चालावे, एवढाच हेतू. तिघेही सुखरूप परतले. पाकिटे घरी तशीच राहिली आणि पुष्कळ वर्षांनी लिलावात आली.

आजीची नोट मी वहीत ठेवली आहे.