हर्पीसची भीती वाटतेय? आधी दिवस मोजा, मग रक्त तपासा

आजचा विषय जेटीवर कोणी मोठ्याने काढत नाही. खासगीत मात्र विचारतात: "संबंध आला होता, आता हर्पीस झाला असेल का? रक्त कधी तपासू?" ट्रॉलर आठ-आठ दिवस बाहेर, मोबाईलला रेंज नाही आणि डोक्यात तोच किडा. चालू विंचपाशी उभ्या खलाशाचं लक्ष नसलं की काय होतं, ते तांडेलांना सांगायला नको. म्हणून सरळच लिहितो.

हर्पीस म्हणजे नागीण नव्हे. नागीण होते ती कांजण्यांच्या विषाणूमुळे. हर्पीसचे विषाणू दोन. एक नंबरचा बहुधा ओठावर फोड आणतो. ताप येऊन गेल्यावर किंवा दर्यावरच्या कडक उन्हाने ओठाच्या कडेला उठतात ना, तेच. दोन नंबरचा बहुधा गुप्तांगावर. तोंडावाटे संबंध आला तर एक नंबरचाही खाली जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ६४ टक्के लोकांत एक नंबरचा आहे आणि १५ ते ४९ वयातल्या सुमारे १३ टक्के लोकांत दोन नंबरचा. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

तो पसरतो कातडीला कातडी लागून आणि लाळेतून. मासळी, बर्फ, जाळं, एकच संडास, केबिनमध्ये शेजारी झोपणं, यांतून नाही. ओठावर ओला फोड असेल तेवढे दिवस पेला आणि विडी वेगळी ठेवा, बस्स. कोणाला होडीवरून उतरवायचं काही कारण नाही.

आता दिवसांचा हिशेब. संबंधाला ७२ तास झाले नसतील तर हर्पीस बाजूला ठेवा, आधी एचआयव्हीचा विचार करा. त्याची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. सरकारी इस्पितळ गाठा.

हर्पीसचे फोड यायचे असतील तर साधारण २ ते १२ दिवसांत येतात: आधी चुणचुण, मग पाण्याने भरलेले बारीक फोड, फुटून दुखणारे व्रण. फोड ओला असतानाच डॉक्टरांना दाखवा. कापसाच्या काडीने त्यातला स्राव घेऊन पीसीआर करतात, ही सगळ्यात खात्रीची चाचणी. खपली धरली की तिचा उपयोग कमी होतो. आणि केमिस्टकडचं खाजेचं मलम लावू नका, त्यात बऱ्याचदा स्टेरॉईड असतं.

फोड आलाच नाही तर? मग घाईने रक्त देण्यात अर्थ नाही. आयजीजी चाचणीत दिसण्याइतकी प्रतिपिंडं तयार व्हायला १२ आठवडे, कधी जास्तही लागतात. आपली पावसाळी बंदी ६१ दिवसांची. हे त्याहून लांब. १ जूनला संबंध आला असेल तर २४ ऑगस्टच्या आधीचा 'निगेटिव्ह' पक्का धरू नका. आयजीएम नावाची चाचणी लॅबवाले पॅकेजमध्ये घालतात, ती इथे भरवशाची नाही, पैसे वाचवा. दोन नंबरच्या आयजीजीचा आकडा ३ च्या खाली, जेमतेम पॉझिटिव्ह आला तर तो चुकीचाही असू शकतो. दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्या. लक्षणं नसतील तर सरसकट ही चाचणी करायला डॉक्टरही सांगत नाहीत. एचआयव्ही आणि सिफिलिसची मात्र जरूर करा.

घरं मोडतात ती इथे. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून कोणी बायकोवर संशय घेतो, कोणी नवऱ्यावर. हा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं गप्प बसतो. रक्ताचा रिपोर्ट तो कधी आला हे सांगत नाही, कोणाकडून आला हे तर नाहीच. लग्नाआधीचाही असू शकतो. रिपोर्ट हातात धरून भांडण्याआधी दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जा. घरात कोणी गरोदर असेल तर हे लपवू नका: शेवटच्या तीन महिन्यांत आईला नव्याने लागण झाली तर बाळाला धोका मोठा असतो, आणि डॉक्टरांना माहीत असेल तर तो टाळता येतो.

विषाणू अंगातून पूर्ण जात नाही, हे खरं. पण असायक्लोव्हिरसारख्या गोळ्यांनी फोड लवकर बरे होतात, आणि बहुतेकांना वर्षं जातील तशी उठाव कमी होतो. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये यासाठीचा लाल किट मोफत मिळतो. फोड असताना संबंध टाळा. एरवी निरोध वापरा, त्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही.

राहिली काळजी. काही जण दर तासाला आरसा घेऊन बसतात. चोळून चोळून लाल केलेली कातडी मग फोडासारखीच दिसते. दिवसातून एकदा, आंघोळीच्या वेळी बघा. चाचणीची तारीख कॅलेंडरवर लिहा आणि तोवर मोबाईलवर फोटो शोधणं बंद. झोप उडाली, जेवण जाईना, तर टेलिमानसला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.

तपासणीसाठी बांबोळीच्या गोमेकॉत त्वचारोग विभाग आहे, म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. लाज वाटत असेल तर आधी १०९७ वर बोला. ही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची मोफत हेल्पलाईन आहे. परगावच्या खलाशांनाही हे नंबर द्या. त्यांना इथली इस्पितळं माहीत नसतात.