मासे विकू नका, जमणारा सेट विका!



मीरा रोड-भाईंदरमध्ये अ‍ॅक्वेरियमचं छोटं दुकान काढायचा विचार आहे? मग एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. गिऱ्हाईक पहिल्यांदा येतं ते रंग बघून. दुसऱ्यांदा येतं ते मासे जगले म्हणून. आणि खरी कमाई या दुसऱ्या फेरीपासून सुरू होते: खाद्य, फिल्टरचा स्पंज, टाकी साफ करून द्यायची सर्व्हिस. आठवड्यात मासे मेले की टाकी माळ्यावर जाते आणि गिऱ्हाईकही तुटतं.

कुर्ल्याच्या बाजारातून माल आणताना "काय स्वस्त आहे" हे नंतर बघा. आधी "काय कोणासोबत जमेल" ते बघा.

1. मोठा झाल्यावर केवढा?
वन बीएचकेमध्ये बसते ती दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी. काठोकाठ 57 लिटर. वाळू-दगड घातल्यावर 45-50 लिटरच धरा. बोटाएवढा ऑस्कर फुटभर होतो, सकर त्याहून मोठा. गोल्डफिशही वीतभर वाढतो, घाण जास्त करतो आणि त्याला थंड पाणी लागतं. हे तिन्ही या टाकीचे मासे नाहीत.

2. स्वभाव कसा?
दोन नर फायटर एकत्र ठेवले की मारामारी ठरलेली. टायगर बार्ब लांब शेपट्या कुरतडतो. एंजल मोठा झाला की निऑन टेट्रा गिळतो. साधा नियम: तोंडात मावेल ते खाल्लं जाणार.

3. गोगलगाय, कोळंबी चालेल का?
चेरी श्रिम्प आणि नेराइट गोगलगाय शेवाळ खातात. नेराइटची पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत, म्हणून टाकी गोगलगायींनी भरत नाही. पण तांबं असलेलं औषध या दोघांनाही मारतं. औषध विकताना आधी विचारा, "टाकीत श्रिम्प आहे का?"

सुरुवातीला दोनच सेट ठेवा:
- 8 नर गप्पी + 2 नेराइट. फक्त नर, नाहीतर दोन-तीन महिन्यांत पिल्लंच पिल्लं.
- 8 हार्लेक्विन रासबोरा + 10 चेरी श्रिम्प + भरपूर झाडं. श्रिम्पला लपायला जागा हवीच.

आता सगळ्यात अवघड भाग. टाकी आणि मासे एकाच दिवशी देऊ नका. माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो. तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला साधारण 3 ते 6 आठवडे लागतात. आज टाकी, झाडं आणि फिल्टर द्या. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायला सांगा, म्हणजे जिवाणूंनाही खायला मिळेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे द्या, तेही थोडे थोडे करून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यामुळे अँटी-क्लोरीन सोबतच द्या.

"आत्ताच मासे द्या, मुलगा रडतोय," असं गिऱ्हाईक म्हणणारच. तिथे गोड बोलून थांबवता आलं पाहिजे. त्या दिवशी दोन-तीनशेची विक्री पुढे जाईल, पण जीव वाचतील आणि तो माणूस वर्षभर तुमच्याकडेच येईल.

आणखी एक. नको झालेला मासा तलावात किंवा खाडीत सोडू नका, असं प्रत्येकाला सांगा. सकरने आपल्या देशातल्या अनेक तलावांत स्थानिक माशांना त्रास दिलाय. "आमच्याकडे परत आणा" अशी पाटीच लावा. विश्वास असाच कमावला जातो.

आजचं काम: वरचे दोन सेट एका कागदावर लिहा आणि काउंटरवर चिकटवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!