दर्यापूरला दर्या कुठून आला?

आमच्या वऱ्हाडापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी अमरावती जिल्ह्यात दर्यापूर आहे. खारपाणपट्ट्यातला हा तालुका. विहिरींचे पाणी खारे, म्हणून नावात समुद्र आला, असा तर्क कोणालाही सुचावा. मला मात्र या नावाचा धागा अचलपूरच्या इमादशाहीकडे जाताना दिसतो. सोळाव्या शतकात तिथे दर्या इमादशाह राज्य करीत होता; गावाला नाव त्याच्यावरून पडल्याचे सांगतात.

'दर्या' शब्द फारसी. प्राचीन फारसीत 'द्रयह्' म्हणजे समुद्र. ऋग्वेदातला 'ज्रयस्', म्हणजे विस्तार, हा त्याचा भाऊबंद. पुढे फारसीत मोठ्या नदीलाही दर्या म्हणू लागले. मध्य आशियातली आमूदर्या ही नदीच. मराठीत, विशेषतः कोळीवाड्यांत, दर्या समुद्रच राहिला.

फ्रेंच 'मेर'च्या कुळातही असेच घडले. समुद्रवाचक 'मेर' हा लॅटिन 'मारे'चा वारस. रशियन 'मोरे' आणि वेल्श 'मोर' ही त्या 'मारे'ची भावंडे. त्याच कुळातल्या इंग्रजी 'मिअर'चा अर्थ मात्र तळे.

तिकडे समुद्राचे तळे झाले, इराणी मुलखात दर्याची नदी झाली, आणि वऱ्हाडात राजाच्या नावातून त्याचे गाव झाले. म्हणून गावाच्या नावाचा अर्थ लावताना शब्दकोशाबरोबर इतिहासही उघडावा, असे मला वाटते.