ओव्हरक्लॉकिंगला अपडेटचा लगाम

गणित : ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे. हा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप चिपमध्ये मल्टिप्लायरला कुलूप असते. नावात ‘के’ असलेल्या चिपना ते नसते.

साधन : मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचना. नवी आवृत्ती बायोस किंवा ऑपरेटिंग सिस्टिममार्फत येते आणि संगणक सुरू होताना दर वेळी चिपमध्ये भरली जाते.

२०१५-१६, इंटेलची स्कायलेक पिढी : अ‍ॅसरॉकसह काही मदरबोर्ड कंपन्यांनी ‘के’ नसलेल्या चिपचाही बेस क्लॉक वाढवू देणारे बायोस आणले. कोअर आय३-६१०० चा बेस क्लॉक १०० वरून १२० मेगाहर्ट्‌झ केला, की वेग ३.७ वरून ४.४४ गिगाहर्ट्‌झवर जाई. मात्र चिपमधले ग्राफिक्स बंद पडत आणि तापमानही नीट कळत नसे. २०१६ च्या सुरुवातीला नव्या मायक्रोकोडने ही वाट बंद झाली.

२०१९, प्लंडरव्होल्ट : व्होल्टेज मुद्दाम उतरवून एसजीएक्स या सुरक्षित कप्प्यातील आकडेमोड बिघडवता येते, असे संशोधकांनी दाखवले. उपाय म्हणून व्होल्टेज बदलण्याची सोयच बंद करणारे अपडेट आले. वीज वाचवण्यासाठी आणि उष्णता कमी करण्यासाठी ही सोय वापरणाऱ्या अनेक लॅपटॉपधारकांनाही त्याचा फटका बसला.

२०२४, इंटेल कोअरची तेरावी-चौदावी पिढी : जादा व्होल्टेजमुळे चिप कायमच्या खराब होऊ लागल्यावर ऑगस्टमधील ‘०एक्स१२९’ मायक्रोकोडने १.५५ व्होल्टवरील मागणी रोखली. इंटेलने वॉरंटीही २ वर्षांनी वाढवली. आधीच बिघडलेली चिप मात्र अपडेटने सुधारत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते.