शपथ मुलीला, मग बापाला का नाही?

आमच्या सातारा-सांगली भागात शाळा-शाळांतून शपथांचे पीक येते. व्यसनमुक्तीची शपथ, फटाकेमुक्तीची शपथ, हुंडा न घेण्याची शपथ. २७ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'बालविवाहमुक्त भारत' मोहीम सुरू केल्यापासून त्यात बालविवाहाच्या शपथेची भर पडली. स्वयंसेवी संस्था येतात, मुले हात पुढे करून उभी राहतात, फोटो निघतो, अहवाल वर जातो. पुढे काय?

जत तालुक्यातील एका शाळेत अशाच कार्यक्रमाला आम्ही पाहुणे होतो. 'अठरा वर्षांच्या आत लग्न करणार नाही', असे मुली एका सुरात म्हणाल्या. कार्यक्रम संपल्यावर नववीतील एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, माझं लगीन मी ठरवत नाही. वडील आणि चुलते ठरवतात. मग शपथ मला कशाला?" आम्ही निरुत्तर झालो.

तिचा सवाल कायद्यालाही धरून आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अज्ञान व्यक्ती करार करू शकत नाही. जिला जमिनीचा साधा करार करता येत नाही, तिच्या खांद्यावर आम्ही समाजसुधारणेचे ओझे टाकतो! २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मुलीला आरोपी मानत नाही. लग्न ठरवणाऱ्या आणि ते न रोखणाऱ्या पालकांना तो दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतो. याच कायद्याचे कलम १३ स्वयंसेवी संस्थांना दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करून लग्नावर मनाई हुकूम मागण्याचा अधिकार देते. हुकूम मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. शपथ देणाऱ्या किती संस्थांनी हे कलम वापरले, हे त्यांनी स्वतःलाच विचारावे.

आम्ही शपथेच्या विरोधात नाही. आमची चळवळच बावीस प्रतिज्ञांवर उभी आहे. पण बाबासाहेबांनी १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली. मधली एकवीस वर्षे त्यांनी समाजाला विचार करायला लावला. त्या दिवशी आधी स्वतः दीक्षा घेतली, मगच लाखोंना दिली. आधी स्वतः, मग इतरांना, हा क्रम आजच्या शपथवाल्यांनी उलटा केला आहे.

सहभाग कसा असतो, हे याच मातीने दाखवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली, राबली. अस्पृश्यता तिथे रोजच्या जगण्यातून मोडली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावे मिळाली, तेव्हा अनेकींनी आपले नाव आपणच निवडले. निवड मुलीच्या हाती आली, तोच खरा सहभाग.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शपथ आधी बापाने, चुलत्याने घ्यावी. मंगल कार्यालयाच्या मालकाने, लग्नपत्रिका छापणाऱ्याने घ्यावी. मुलीला मात्र १०९८ हा क्रमांक, ग्रामसेवकाची जबाबदारी आणि कलम १३ समजावून सांगावे. बाल ग्रामसभेत तिला बोलू द्यावे आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे.

आणि बांधवहो, सुरुवात आपल्या विहारापासून करू या. मंगल परिणय लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी वधूवरांचे जन्मदाखले पाहिल्याशिवाय विधीला उभे राहू नये. ओळखीचे घर आहे म्हणून डोळेझाक झाली, तर आपल्या प्रतिज्ञांचाही फोटोच उरेल. बाबासाहेब ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या साताऱ्यात शाळेत दाखल झाले, त्या जिल्ह्यात एकाही मुलीचे नाव लग्नापायी पटावरून कमी होता कामा नये. ही जबाबदारी मोठ्यांची, म्हणजे आपलीच आहे.

जय भीम!